पारडं खाली गेलंच नाही!

मुलुंडला एका सराफाच्या दुकानात आम्ही तिघी बसलो होतो: माझी आई, मी आणि पाचवीत शिकणारी माझी भाची. आईच्या नथीतला एक मोती सैल झाला होता. दागिना दुरुस्तीला घेण्याआधी त्याचं वजन करून चिठ्ठीवर लिहायचं, हा सराफांचा शिरस्ता. सराफकाकांनी काचेच्या पेटीचं छोटं दार सरकवलं, चिमट्याने नथ आतल्या ताटलीवर ठेवली आणि दार लावून घेतलं. हिरवे आकडे भराभर पळाले आणि थबकले. ५.८३७ ग्रॅम.

आई चिठ्ठी वाचत होती, मी आईकडे बघत होते. भाची मात्र काउंटरवर हनुवटी टेकवून ताटलीकडे एकटक बघत होती.

"मावशी, पारडं खाली गेलंच नाही!"

नथ ती केवढीशी, तिने काय खाली जाणार, असं मी म्हणणार तेवढ्यात तिने काकांनाच गळ घातली, "काका, काहीतरी जड ठेवा ना!" काकाही हौशी. त्यांनी मखमली डबीतून १०० ग्रॅमचं चकचकीत वजन काढून ठेवलं. आकडा झाला १००.०००. आणि ताटली? होती तिथेच. केसभरही हलल्यासारखी दिसली नाही.

मग ते शंभर ग्रॅम गेले कुठे?

खरंच, मुलांनो, हा प्रश्न मला इतकी वर्षं कसा पडला नाही? भाजीवाल्या मावशींची तागडी आठवा. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात वांगी. जड ते खाली, हलकं ते वर. तागडीची दांडी बोटाने हळूच दाबून माल कमी द्यायचा, त्याला आपल्याकडे नावच आहे: 'काटा मारणे'. रद्दीवाल्याच्या स्प्रिंगच्या काट्यातही हुक खाली ओढला जातो. वाण्याच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा हलत नाही असं वाटतं, पण तोही हलतो. त्याच्या पोटात ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो. साखरेची पिशवी ठेवली की तो जरासा, अगदी जरासा वाकतो. त्यावर चिकटवलेल्या बारीक तारा ताणल्या जातात आणि किती ताणल्या त्यावरून काटा वजन सांगतो. म्हणजे वाकल्याशिवाय, झुकल्याशिवाय, ताणल्याशिवाय वजन कळतच नाही. मग सराफाचा काटा न झुकता वजन कसं सांगतो?

हे समजून घ्यायला आपण आधी स्वयंपाकघरात जाऊ.

एक रिकामा स्टीलचा डबा घ्या. हात कोपरातून वाकवून डबा तळहातावर धरा, ओट्याच्या कडेच्या अगदी बरोबरीने. आता घरातल्या कुणालाही सांगा, "डब्यात एकेक कांदा टाक. मी डबा ओट्याच्या कडेखाली जाऊ देणार नाही." पहिला कांदा पडला की हात किंचित खाली जाईल. तुम्ही लगेच जोर लावून डबा परत कडेशी आणाल. दुसरा कांदा, पुन्हा तेच. पाच कांदे झाले. डबा कुठे आहे? जिथे होता तिथेच. पण दंडाला विचारा! मघापेक्षा किती तरी जास्त जोर लावावा लागतो आहे. डबा जागचा हलला नाही, तरी डब्यात किती कांदे पडले याची खबर तुमच्या दंडाला आहे.

आता डोळे मिटा आणि पुन्हा करा. हात कधी खाली गेला, कधी वर गेला, तुम्हालाच कळणार नाही. डोळे उघडे असताना तुम्ही तीन कामं करत होता. डोळ्यांनी बघत होता की डबा कुठे आहे. मेंदूने ठरवत होता की किती जोर लावायचा. आणि हाताने तेवढा जोर लावत होता.

सराफाच्या नाजूक काट्याच्या आत अगदी हेच चालतं. मोठ्या प्रयोगशाळांमधल्या काट्यांतही हेच. ताटलीच्या खाली एक छोटी तरफ असते. तरफेच्या टोकाला एक पट्टी, पट्टीला केसासारखी बारीक फट. फटीच्या एका बाजूला इवलासा दिवा, आणि दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारे दोन डोळे, एकावर एक, अगदी लागून. फट बरोबर मधोमध असेल तर दोन्ही डोळ्यांना सारखाच उजेड मिळतो. ताटली एवढीशी जरी खाली सरकली, तरी एका डोळ्यात उजेड वाढतो, दुसऱ्यात कमी होतो. तुमच्या डोक्यावरचा एक केस घ्या आणि त्याच्या जाडीचे शंभर भाग करा. त्यातल्या एका भागाएवढी हालचालही या डोळ्यांना दिसते.

झाले डोळे. आता हात. तरफेला तांब्याच्या तारेचं एक वेटोळं लावलेलं असतं आणि ते एका जबरदस्त लोहचुंबकाच्या मधल्या खाचेत तरंगत असतं. वेटोळ्यातून वीज सोडली की चुंबक त्याला ढकलतो. जास्त वीज, जास्त ढकल. असलं वेटोळं तुम्ही रोज ऐकता! घाटकोपरला गणपतीत मंडपाशेजारी लावलेल्या स्पीकरच्या भिंतीत, तुमच्या हेडफोनमध्येही, चुंबकाच्या खाचेत असंच वेटोळं असतं. तिथे ते पुढेमागे थरथरून हवा हलवतं, म्हणून गाणं ऐकू येतं. काट्यात त्याचं काम उलट आहे. तिथे त्याने हलायचंच नाही, काहीही झालं तरी.

म्हणजे खरं तर पारडं खाली गेलं होतं! पण केसाच्या जाडीहूनही कमी, आणि क्षणभरच. डोळ्यांनी ते टिपलं, वेटोळ्यात वीज वाढली, वेटोळ्याने तरफ ढकलली आणि ताटली पुन्हा आपल्या जागी आली. मग काट्याने स्वतःलाच विचारलं, 'हिला जागेवर धरायला मला किती वीज लागली?' त्या विजेचा आकडा ग्रॅममध्ये बदलला आणि आपल्याला दाखवला. हिरवे आकडे पळत होते ना, तेव्हा आत ही सगळी धावपळ चालू होती.

पण एवढी उठाठेव कशाला? ताटली खाली जाऊ द्यायची आणि किती गेली ते मोजायचं. सोपं नाही का?

सोपं आहे, पण बारीक वजनाला पुरत नाही. स्प्रिंग रोज ताणली की थकते. उन्हाळ्यात ती एका तऱ्हेने ताणली जाते, थंडीत दुसऱ्या. चुंबकाचा जोरही सगळीकडे सारखा नसतो. खाचेत जरा वर एक, जरा खाली वेगळा. वेटोळं कधी इथे, कधी तिथे राहिलं तर तेवढ्याच विजेत कधी कमी ढकल मिळेल, कधी जास्त. पण वेटोळं दर वेळी अगदी त्याच जागी आणून उभं केलं, तर त्याच विजेला दर वेळी तीच ढकल. म्हणून या काट्याचा सगळा जीव एकाच गोष्टीत आहे: जागा सोडायची नाही. वजन मोजण्याचं हे यंत्र आधी जागा सांभाळण्याचं यंत्र आहे. मला तर हे कळल्यापासून त्या काचेच्या पेटीकडे बघताना भारी आदर वाटतो.

आणि जागेवर आणणं वाटतं तितकं सोपं नाही बरं का. बोरिवली स्टेशनवर उभं राहून येणारी लोकल बघा. गाडी ठरलेल्या खुणेशीच थांबली पाहिजे, नाहीतर फर्स्ट क्लासवाले आणि लेडीज डब्यावाल्या पळत सुटतील! मोटरमन काय करतो? खूण अजून किती लांब आहे ते बघतो. पण तेवढंच बघून भागत नाही. गाडी किती वेगात आहे तेही बघतो. लांब असली तरी वेग फार असेल तर ब्रेक आत्ताच लावायला हवा. खूण आल्यावर ब्रेक लावला तर गाडी पुढे निघून जाईल. घाबरून लवकर दाबला तर अलीकडेच थांबेल.

काट्याचा मेंदूही असाच विचार करतो. त्याच्यात जणू तीन सल्लागार बसलेले असतात. पहिला ओरडतो, "ताटली एवढी खाली आहे, एवढा जोर लावा!" दुसरा म्हणतो, "अरे, ती वेगाने वर येते आहे, आता जोर कमी करा, नाहीतर वर उडेल." तिसरा असतो आजीसारखा चिवट. ताटली जवळजवळ जागेवर आली, पण तिळाएवढी खाली राहिली, तर बाकीचे दोघे 'चालतंय की' म्हणून गप्प बसतात. हा मात्र थांबत नाही. "अजून जागेवर नाही आली. अजून नाही आली." जितका वेळ जाईल तितका त्याचा आवाज वाढत जातो, आणि ताटली बरोबर जागेवर आल्यावरच तो शांत होतो. या तिघांची सेकंदाला शेकडो वेळा बैठक होते. एकट्या पहिल्याचं ऐकलं तर ताटली वरखाली डुलत राहते आणि आकडा नाचत राहतो. तिघांचं पटलं की एखाद-दोन सेकंदांत आकडा स्थिर.

आता या काट्याला केवढं बारीक कळतं ते बघू. काकांच्या काट्यातला शेवटचा आकडा म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग, एक मिलिग्रॅम. एका डासाचं वजन साधारण दोन-अडीच मिलिग्रॅम. म्हणजे ताटलीवर डास बसला तर काट्याला कळेल!

हे असं काटेकोर वजन माणसाला फार जुन्या काळापासून हवं होतं. आई सांगते, तिच्या आजीच्या तोंडी तोळा, मासा आणि गुंज असायची. गुंज पाहिली आहे का तुम्ही? लालचुटूक बी, टोकाला काळा ठिपका. बघायला सुंदर, पण विषारी, तोंडात घालायची नाही! आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. तोळा होता ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक गुंज साधारण १२० मिलिग्रॅमची. आज सराफ 'तोळा' म्हणतात तो मात्र सरळ दहा ग्रॅमचा. आपल्या देशात किलो-ग्रॅमची वजनं १ ऑक्टोबर १९५८ पासून यायला लागली, आणि शेर, मण, गुंज हळूहळू मागे पडले. तिकडे भूमध्य समुद्राच्या काठी हिरे-मोती तोलायला कॅरोब नावाच्या झाडाच्या बिया वापरत. त्यावरून 'कॅरेट' हा शब्द आला. आता हिऱ्याचा एक कॅरेट म्हणजे बरोबर २०० मिलिग्रॅम.

कॅरेटचा विषय निघाला की अंधेरीला गेलंच पाहिजे. अंधेरी पूर्वेला सीप्झ नावाची एक मोठी वसाहत आहे. नावातला 'एस' सांताक्रूझचा, पण वसाहत अंधेरीत! १९७३ मध्ये ती इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवून परदेशी पाठवण्यासाठी सुरू झाली. पुढे तिथे हिऱ्यांच्या दागिन्यांचे कारखाने आले आणि आज जगभरातल्या दुकानांत जाणारे दागिने तिथे घडतात. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गावर तिच्या नावाचं स्टेशनही आहे. हिऱ्यांच्या धंद्यात कॅरेटच्या शंभराव्या भागाला 'सेंट' म्हणतात. हिशेब करा: एक सेंट म्हणजे दोन मिलिग्रॅम. म्हणजे एक सेंटचा हिरा डासाएवढा हलका! असे इवले हिरे अंगठीत ओळीने बसवतात. शेकडो बारीक हिरे मोजून द्यायचे, घडवलेल्या दागिन्याबरोबर परत मोजून घ्यायचे. इथे तागडीचं काम नाही, जागा न सोडणारा काटाच हवा.

इतका हळवा काटा मुंबईत सांभाळायचा म्हणजे मोठं काम. पंखा लावला की आकडा नाचायला लागतो, म्हणून काचेची पेटी आणि तिला दार. रस्त्यावरून ट्रक गेला, शेजारून लोकल धडधडत गेली, तर जमीन थरथरते. आपल्याला जाणवत नाही, काट्याला जाणवतं. म्हणून प्रयोगशाळांमध्ये असे काटे जाडजूड दगडी फरशीच्या टेबलावर ठेवतात. बोटांनी वजन उचलायचं नाही, बोटांवरचा घाम आणि तेल त्याला चिकटतं. म्हणून काकांच्या हातात चिमटा होता. ताटलीवर गरम वस्तू ठेवली तर ती खरी आहे त्यापेक्षा हलकी भरते, कारण तिच्या भोवतालची हवा तापून वर चढते आणि ताटलीला किंचित वर ओढते.

माझं सगळ्यात आवडतं काय सांगू? जुलै महिन्यात, बाहेर धो धो पाऊस असताना, असल्या काट्यावर चमचाभर मीठ ठेवा आणि दार उघडंच राहू द्या. आकडा थांबतच नाही! ५.००१, ५.००२, ५.००३... वर चढत जातो. काटा बिघडलेला नसतो. मुंबईच्या दमट हवेतलं पाणी मीठ तुमच्या डोळ्यांदेखत पीत असतं. पावसाळ्यात घरचं मीठ ओलं होतं हे आपल्याला माहीत असतं, पण ओलं होताना त्याला बघायला मिळतं ते इथे.

आता एक कोडं. दिल्लीत अगदी बरोबर लावलेला काटा गाडीत घालून मुंबईत आणला. त्यावर तेच एक किलोचं वजन ठेवलं. किती भरेल?

साधारण अर्धा ग्रॅम कमी! वजन झिजलं नाही, काटा बिघडला नाही. काट्याला कळते ती पृथ्वीची ओढ, आणि ती सगळीकडे सारखी नाही. पृथ्वी विषुववृत्ताजवळ थोडी फुगीर आहे आणि स्वतःभोवती गरगर फिरते आहे. त्यामुळे विषुववृत्ताकडे जावं तशी ओढ थोडी कमी होते. मुंबई दिल्लीपेक्षा विषुववृत्ताला जवळ. वस्तूत किती ऐवज आहे, म्हणजे तिचं वस्तुमान, ते मात्र दोन्हीकडे तेच. भाजीला अर्ध्या ग्रॅमने काय होतं? पण सोनं असेल तर?

आणि दिल्लीला कशाला जायचं? मुलुंडमध्ये आता केवढे उंच टॉवर झालेत. काकांचा काटा तळमजल्यावर १००.००० दाखवतो आहे. तसाच उचलून लिफ्टने साठ मीटर वर, विसाव्या मजल्याच्या आसपास नेला, तर त्याच वजनाला तो दाखवेल ९९.९९८. पृथ्वीपासून साठच मीटर लांब गेलो आणि तिचा हात एवढासा सैल झाला! म्हणून चांगल्या काट्यांच्या पोटात एक पक्कं वजन दडवलेलं असतं. काटा नव्या जागी ठेवला की एक बटण दाबायचं. आतलं यंत्र ते वजन आपणच उचलून तरफेवर ठेवतं, किती वीज लागली ते बघतं, आणि 'इथे एवढ्या विजेला इतके ग्रॅम' हे नव्याने शिकून घेतं. शिवाय सरकारच्या वैधमापन खात्याचे निरीक्षक दुकानातले काटे तपासून त्यांचं मुद्रांकन करतात. पुढच्या वेळी दुकानात गेलात की काट्यावर ती मोहर शोधा. आणि ताटली रिकामी असताना आकडा शून्यावर आहे ना, तेही बघा.

पण निरीक्षकांची वजनं बरोबर आहेत हे कोण ठरवतं? त्यांच्याहून पक्की वजनं. अशी प्रमाण वजनं आपल्या मुंबईतच, फोर्टातल्या सरकारी टांकसाळीत बनतात. नाणी पाडणारी टांकसाळ वजनंही घडवते! आणि या सगळ्या साखळीच्या वर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत एक धातूचा दंडगोल आहे. त्याचा क्रमांक ५७. पॅरिसजवळ ठेवलेल्या मूळ किलोग्रॅमची ती भारताला मिळालेली प्रत. मूळ किलोग्रॅम म्हणजे प्लॅटिनम आणि इरिडियमचा एक ठोकळा, उंची ३९ मिलिमीटर, रुंदीही तेवढीच, तीन काचेच्या घुमटांखाली, तिजोरीत. १८८९ पासून सगळ्या जगाचा किलो म्हणजे तो.

मग शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांनी मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रती एकमेकांशी ताडून पाहिल्या, तर त्यांच्यात साधारण पन्नास मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला. बोटाच्या एका ठशाएवढा! कोण बदललं, मूळ की प्रती? सांगणार कसं? किलो म्हणजेच तो ठोकळा असेल, तर तो चुकू शकतच नाही. मोठाच पेच.

यातून वाट काढणारं यंत्र इंग्लंडमध्ये ब्रायन किबल यांना १९७५ मध्ये सुचलं. आणि त्यात काय आहे माहीत आहे? चुंबकाच्या खाचेत तरंगणारं वेटोळं! आधी वजन ठेवायचं आणि वीज सोडून वेटोळं जागच्या जागी धरायचं, अगदी सराफकाकांच्या काट्यासारखं. मग वजन उतरवायचं आणि तेच वेटोळं त्याच चुंबकात सावकाश वरखाली हलवायचं. ते किती वेगाने हलतं ते लेझरने मोजायचं आणि हलताना तारेत किती वीजदाब तयार होतो तेही मोजायचं. ही दोन्ही मोजमापं जोडली की चुंबक किती जोरदार आहे हे माहीत असायची गरजच उरत नाही. विजेची मोजमापं निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्याशी, प्लांकच्या स्थिरांकाशी, ताडता येतात. २० मे २०१९ पासून जगाचा किलो त्या आकड्याशी बांधला गेला आणि पॅरिसचा ठोकळा निवृत्त झाला.

आठवड्याने आम्ही नथ आणायला गेलो. काकांनी ती पुन्हा ताटलीवर ठेवली. ५.८४१. मोती घट्ट करताना सोन्याची तार किंचित जास्त लागली होती, चार मिलिग्रॅम. "म्हणजे दोन डास," भाची म्हणाली. काका चमकून बघायला लागले, तेव्हा तिने त्यांना सगळा हिशेब समजावून सांगितला.

मग काका नथ उचलणार, एवढ्यात तिने त्यांना थांबवलं. "काका, हळूच उचला हं. मला बघायचंय, आता पारडं वर उडतं का." तिने हनुवटी काउंटरवर टेकवली. काकांनी चिमट्याने नथ अलगद उचलली. आत कुठेतरी, केसाच्या जाडीहूनही कमी, ताटली वर सरकली असेल. दोन डोळ्यांनी ते पाहिलं असेल, वेटोळ्याने लावलेला जोर झटकन सैल सोडला असेल. बाहेर आम्हाला दिसले ते खाली धावणारे हिरवे आकडे, आणि मग ०.०००.

"नाही उडालं," ती म्हणाली, आणि काकांना पुन्हा एकदा नथ ठेवायला लावली.